‘नको’ म्हणणारं गॅरेज: शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

पाचपैकी चार तारे.

गॅरेजचं नाव देत नाही, कारण मालकांनीच हात जोडलेत. "वहिनी, आहेत त्याच गाड्या उरकंनात. आणि लिहून गर्दी नका करू." शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि ग्राइंडरच्या आवाजात दोन शटरचं हे दुकान आहे. ज्याला गरज आहे तो विचारत विचारत पोचेल. मालकांना सगळे मिस्त्रीच म्हणतात, मीही तेच म्हणते.

माझी गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक. मी बेकऱ्यांना यीस्ट, मार्जरीन, चॉकलेट, एसेन्स पुरवते. गडहिंग्लज, आजरा, आंबोली उतरून सावंतवाडी, आणि महिन्यात कधीतरी गगनबावड्यावरून वैभववाडी. ताजं यीस्ट गार राहिलं नाही तर बेकरीवाला माल परत करतो, म्हणून मला गाडीचा एसी चैनीसाठी नाही, धंद्यासाठी लागतो. मार्चमध्ये एसीची हवा कोमट व्हायला लागली तशी मी गाडी आधी नेहमीच्या मोठ्या वर्कशॉपला नेली. तिथल्या काचेच्या केबिनमध्ये कॉफी चांगली मिळते. कॉफी संपेपर्यंत एस्टिमेट तयार होतं: एसी गॅस टॉप-अप, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, पेट्रोलमध्ये टाकायची बाटली, चारही चाकांत नायट्रोजन. अकरा हजारांच्या वर. "मॅडम, रेकमेंडेड आहे," एवढंच उत्तर. का, कशासाठी, ते विचारलं की परत तेच.

तो कागद घेऊन मी उद्यमनगरात गेले. मिस्त्रींनी वाचायला चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. "टॉप-अप? ह्यो काय पेट्रोल हाय व्हय संपायला?"

मला हे गॅरेज आवडलं ते इथून. एसीचा गॅस दरवर्षी थोडा भरावा लागतो असं माझ्या ओळखीतले निम्मे लोक मानतात आणि दर उन्हाळ्यात इमानेइतबारे पैसे भरतात. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. तोच गॅस कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइलमधून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत पाइपांमधून थोडासा झिरपतो हे खरं, पण एका उन्हाळ्यात गारवा जाण्याइतका कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे. लीक न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे चार महिन्यांनी पुन्हा तेच गिऱ्हाईक.

मिस्त्रींनी आधी ग्लोव्ह बॉक्स काढला. त्यामागे केबिन फिल्टर असतो. तो बाहेर आला तेव्हा त्यावर मैद्याचा आणि धुळीचा थर बसून त्याचं पुठ्ठ्यासारखं काहीतरी झालं होतं. "हवाच ईना, गार काय लागणार." मग बॉनेट उघडून बॅटरीचा दिवा कंडेन्सरच्या पाइपावर धरला आणि मला वाकून बघायला लावलं. एका जोडावर रुपयाएवढा तेलकट काळा डाग, बाकी पाइप कोरडा, नुसती धूळ. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस सुटतो तिथे तेल पाझरतं आणि त्यावर धूळ चिकटते. खात्रीसाठी उरलेला गॅस मशीनमध्ये काढून घेतला, पाइपात नायट्रोजनचं प्रेशर दिलं आणि जोडावर साबणाचं पाणी सोडलं. बारीक बुडबुडे आले. आतली हिरवी रबरी रिंग कडक होऊन चिरलेली. रिंग बदलली, पाइपांतली हवा ओढून घेऊन व्हॅक्युम केला, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरला. जास्त भरला की जास्त गार होतं हाही गैरसमजच. जास्त गॅसने प्रेशर वाढतं, गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरला त्रास. यानंतर सगळा उन्हाळा गेला, पाऊसही गेला, एसी तसाच आहे. नायट्रोजनचा मी पाहिलेला एकमेव खरा उपयोग म्हणजे ही लीकची तपासणी.

कारण टायरमधला नायट्रोजन त्यांनी पेनाने खोडला. हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन भरला तर प्रेशर थोडं हळू उतरतं, कोरडा असतो, एवढाच फायदा. फुकट देत असतील तर घ्या. पण व्हॉल्व्हवर नायट्रोजनच्या हिरव्या टोप्या बसवल्या म्हणून हवा तपासणं सोडलं तर तोटाच. साध्या हवेत तो मिसळला तर काही बिघडत नाही.

हवेवरून आमच्या मिरजेच्या भावोजींची आठवण निघणारच. उन्हाळ्यात टायर तापतो, हवा फुगते, म्हणून चार पॉइंट कमी ठेवायची हा त्यांचा सिद्धांत. पुणे-बंगळूर हायवेवर ते तशीच गाडी हाकतात. गोष्ट नेमकी उलटी आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, उठते, आणि त्या दबण्या-उठण्यानेच टायर आतून तापतो. वेगात टायर फुटतो तो बहुतेकदा कमी हवेने, वर डिकीत ओझं असेल तर विचारूच नका. चालून तापल्यावर तीन-चार पॉइंट वाढणार हे धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर असतो. टायरवर कोरलेला मोठा आकडा म्हणजे टायरची कमाल मर्यादा, ती भरायची नसते. आणि मोजायचं ते गार टायरवर, वीस किलोमीटर पळवून पंपावर पोचल्यावर नाही.

इंजिन फ्लशवर फुली. माझ्याकडे सर्व्हिसच्या पावत्या होत्या. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनात धुवून काढण्यासारखं काही साचत नाही, असं त्यांचं म्हणणं. थ्रॉटल बॉडीवर लगेच फुली मारली नाही. हवेचा पाइप काढला, दिव्याने आतली पाकळी दाखवली, कडेला किंचित काजळी होती, पण आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचं फिरणं, स्थिर. "पुढल्या साली बघू." ऑइल मात्र काळं झालं होतं आणि मला वाटलं आता ते बदलायला लावणार. डिपस्टिक पुसून परत खुपसली, खुणा बघितल्या आणि म्हणाले, राहू दे, अजून तीन हजार किलोमीटर आहेत. ऑइलमधली रसायनं काजळी धरून ठेवतात, ते त्यांचं कामच आहे, त्यामुळे काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल नव्हे. माझ्या मॅन्युअलमध्ये १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं आहे. दर पाच हजाराला बदलायचा नियम जुन्या मिनरल ऑइलच्या जमान्यातला.

अंडरबॉडी कोटिंगवर ते थबकले. मी कोकणात उतरते हे त्यांना माहीत आहे. खारी हवा, गगनबावड्याचा पाऊस, लाल चिखल, यात पत्रा गंजतो हे खरंच. पण त्यांची अट अशी की गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुवायची, एक दिवस वाळवायची, गंज असेल तिथे घासायचं आणि मग कोटिंग. चिखलावर काळं मारलं की पाणी आत कोंडतं आणि बाहेरून चकचकीत दिसणारा पत्रा आतून सडतो. दाराच्या आणि खालच्या पट्टीच्या तळाला पाणी निथळायची बारीक भोकं असतात, तीही घाईत बुजवली जातात. ते काम मी ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकललं.

याच विषयावर त्यांना चिडलेलं पाहिलं. पावसाळ्याआधी वॉशिंग सेंटरला गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. गाडी गंजत नाही, आवाज बंद होतात, म्हणून लोक आवर्जून मारून घेतात. आवाज दोन दिवस बंद होतात, हे खरं. मिस्त्रींनी टेबलाच्या खणातून सस्पेन्शनच्या सांध्यातलं एक जुनं रबरी बुश काढून माझ्या हातावर ठेवलं. रबर फुगून लिबलिबीत झालेलं, नखाने दाबलं तर खूण राहत होती. बुशचं रबर डिझेल पितं. फुगतं, मऊ पडतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात खडखडाट सुरू. इंजिनवर फवारलं तर आगीची भीती वेगळी. बॉडी डिझेलच्या फडक्याने पुसणारे टॅक्सीवाले अजून स्टँडवर दिसतात. चकाकते, पण तासाभरात त्यावर अख्ख्या रस्त्याची धूळ.

पेट्रोलमधल्या बाटलीबद्दल त्यांनी काही न बोलता नुसती रेघ मारली. महागड्या, म्हणजे जास्त ऑक्टेनच्या, पेट्रोलबद्दल मीच विचारलं. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू नये यासाठीची ती क्षमता आहे, आणि ज्या इंजिनला ती लागते त्यालाच तिचा फायदा. ॲव्हरेज पडलंय ही तक्रार मात्र खोटी नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. आता कोल्हापुरात बसून इथेनॉलला नावं कशी ठेवायची? आमच्याच उसाचं आहे. तेवढ्यासाठी इंजिन खोलून घेऊ नका, इतकंच.

कूलंटची टाकी खाली होती. हेल्परने बाटलीतलं पाणी ओतायला घेतलं तर त्याला मिस्त्रींनी हाकललं. "आपल्याकडं कुठं बर्फ पडतंय, पाणी चालतंय की" हे वाक्य त्या पोराच्या तोंडी होतं आणि हायवेवरच्या कित्येक ड्रायव्हरांच्याही असतं. कूलंट गोठू देत नाही तसंच ते उकळायचा बिंदूही वर नेतं आणि आतून गंज धरू देत नाही. नुसतं बोअरचं पाणी घातलं तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. आंबोलीचा चढ एसी लावून चढणाऱ्या गाडीला हे फार जवळचं आहे.

आणि उताराचं. आंबोली उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं, हे मला प्रत्येक पुरुषाने आयुष्यात एकदा तरी सांगितलेलं आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत त्यात थोडं तथ्य असेल. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतः फिरायला पेट्रोल लागतंच. ज्यांच्या डॅशबोर्डवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दिसतं त्यांनी उतारावर बघावं, गिअरमध्ये पट्टी पार टोकाला जाते. पैशाचं सोडा, न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, तापलेले ब्रेक लागेनासे होतात, आणि पुढे आंबोलीचं वळण असतं. मिस्त्रींचा नियम सोपा: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

आता कापलेला तारा. मिस्त्रींच्याही डोक्यात एक जुनं जाळं आहे. सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटं जागेवर घुमवायचीच, हा त्यांचा हुकूम. चोक ओढायच्या मारुती ८०० ला ते ठीक होतं. आता तापमान बघून पेट्रोल सोडणारे सेन्सर आहेत, ऑइल काही सेकंदांत वर पोचतं. अर्ध्या मिनिटात निघायचं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवायचं, यात इंजिन लवकर तापतं आणि गिअरबॉक्सही. मी मॅन्युअल काढून पान दाखवलं. "पुस्तक तुमच्यापाशी ठेवा, गाडी माझ्याकडं आणा," म्हणाले. वाद मिटलेला नाही.

बाकीच्या तक्रारी किरकोळ नाहीत. फोन उचलत नाहीत. ‘दुपारी मिळंल’ म्हणजे संध्याकाळी दिवे लागल्यावर. बसायला एक स्टूल, बायकांसाठी टॉयलेटची सोय या जमान्यातही नाही. बिल मागितलं तरच पक्कं मिळतं. रिंग, फिल्टर, गॅस, कूलंट, मजुरी धरून माझे साडेतीन हजाराच्या आत झाले.

गाडी वॉरंटीत असेल तर विचार करून जा. बाहेर काम केलं की सगळी वॉरंटी रद्द, अशी धमकी सर्रास मिळते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली सुट्या भागांच्या आणि बाहेरच्या गॅरेजच्या अडवणुकीवरून १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली, ते असो. व्यवहारात बाहेर बिघडलेल्या भागाची जबाबदारी कंपनी घेणार नाही, म्हणून पावत्या जपा आणि वॉरंटी असेपर्यंत सर्व्हिस तिकडेच, एस्टिमेटवरच्या जादा ओळी खोडून.

सोमवारी बंद. साडेनऊच्या आत गेलात तर मिस्त्री स्वतः गाडीला हात लावतात, नंतर पोरांवर सोडतात. व्हील अलाइनमेंटचं मशीन नाही, ते दुसरीकडे करावं लागेल. आणि गाडीत माझ्यासारखा बेकरीचा माल वाहत असाल तर उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवण्याचा सल्ला इथे मिळणार नाही. "उंदीर तंबाखूबी हलवून जातंय," म्हणून डिकी झाडायला लावतात आणि हवा आत घेणाऱ्या झरोक्यावर तारेची जाळी बसवून देतात. त्याचे दीडशे रुपये वेगळे.