डिकीचा लॅच बदलला म्हणाले, प्रत्यक्षात वायर कापून ठेवली होती

रात्री गाडी वेगात होती आणि मागून वाऱ्याचा आवाज यायला लागला. आधी वाटलं, मागची काच थोडी खाली राहिली असेल. आरशात पाहिलं तर डिकीचं झाकण वरखाली हलत होतं. समोर डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता. डिकी उघडी असल्याचा जो इशारा दोन महिने माझा पिच्छा सोडत नव्हता, तो खरी गरज असताना लागलाच नाही. गाडी कडेला घेतली, उतरून मागे गेले. झाकण पूर्ण उघडलं तर आत मिट्ट काळोख. डिकीतला दिवासुद्धा लागला नव्हता.

दहा दिवसांपूर्वीच गॅरेजमधून गाडी आली होती. बिलावर लॅच असेम्ब्ली (डिकीचं अख्खं कुलूप) नवीन, मॉड्यूलचं (दिवे, कुलपं सांभाळणाऱ्या गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरचं) काम, प्रोग्रॅमिंग, मजुरी, सगळं नीट लिहिलेलं. मी ते पैसे भरले होते. काय घडलं ते पहिल्यापासून सांगते, कारण हा बिघाड अनेक गाड्यांमध्ये होतो आणि तो ओळखायला फार थोडं लागतं.

सुरुवात डॅशबोर्डवरच्या त्या इशाऱ्याने झाली. डिकी घट्ट बंद, तरी गाडी म्हणायची उघडी आहे. मी दोनदा आपटून लावायची, कधी इशारा जायचा, कधी नाही. मग एका सकाळी बॅटरी पार उतरलेली. जंप स्टार्ट करून गाडी गॅरेजला नेली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि लगेच सांगितलं, "मॅडम, बॅटरी संपलीय, नवीनच टाकावी लागेल." मीटर लावला नाही, चार्ज करून पाहिली नाही. डिकीच्या इशाऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "नवीन बॅटरीवर दोन-चार दिवसांत आपोआप रिसेट होईल."

झालं नाही. गाडी चार-पाच दिवस उभी राहिली आणि नवीन बॅटरीही उतरली.

यामागचं गणित साधं आहे. डिकी उघडी आहे असं गाडीला वाटत असेल, तर आतला दिवा जळतच राहतो. डिकीतला दिवा साधारण 5 वॅटचा असतो. 12 व्होल्टवर तो जवळपास 0.4 अँपिअर खातो, म्हणजे चोवीस तासांत सुमारे 10 अँपिअर-तास. 45 अँपिअर-तासांची बॅटरी चार-साडेचार दिवसांत रिकामी होते, आणि गाडी सुरू होण्याइतका जोर त्याच्या बराच आधी संपतो. काही गाड्या ठरावीक वेळाने दिवा स्वतःच बंद करतात, माझी करत नव्हती. बंद डिकीत दिवा चालू आहे का हे बघायला आत शिरायची गरज नाही आणि कोणी शिरूही नये. फोनवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवायचा, डिकी लावायची, मिनिटभराने काढायचा. मी हे तेव्हा केलं असतं तर बॅटरी बदलण्याआधीच कारण हातात आलं असतं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी स्कॅनर लावला, स्क्रीन मला दाखवला नाही, आणि निदान आलं: "बॉडी कंट्रोल मॉड्यूल गेलंय, त्यात लॅचही खराब. दोन्ही केल्याशिवाय गॅरंटी नाही." दोन दिवस गाडी त्यांच्याकडे होती. परत मिळाली तेव्हा इशारा गेला होता, बॅटरी टिकत होती. जुना लॅच मागितला तर म्हणाले, भंगारात गेला. मी समाधानाने घरी आले. इशारा दिसत नाही ना, एवढंच मी पाहिलं. डिकी उघडल्यावर तो लागतो का, हे पाहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही हे नक्की पाहा. गॅरेजच्या दारातच डिकी उघडा, आतला दिवा लागला पाहिजे, डॅशबोर्डवर चिन्ह आलं पाहिजे, आणि लावल्यावर दोन्ही गेलं पाहिजे. बिघाड दुरुस्त झाला याचा पुरावा हा आहे.

तर त्या रात्रीनंतर मी स्वतः डिकीच्या झाकणाचं आतलं आवरण काढलं. प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात, चपट्या पट्टीने हळू उचकटल्या की निघतात. आत लॅच दिसला. तो तीन बोल्टवर बसवलेला होता आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर उतरलेली कारखान्यातल्या पिवळ्या रंगाची एक रेघ होती. बोल्ट जरा जरी फिरवला असता तरी ती रेघ तुटली असती. तिन्ही रेघा अखंड होत्या. लॅचच्या खाचेत वर्षानुवर्षांचं ग्रीस धुळीने काळं होऊन मेणासारखं घट्ट बसलेलं होतं. हा लॅच गाडीबरोबर आलेला होता, कोणी हातही लावलेला नव्हता.

मग नजर वायरींवर गेली. लॅचला चार वायरींचा प्लग होता. दोन जाड, त्या मोटरच्या, ज्या कुलूप उघडतात. दोन बारीक, त्या आतल्या छोट्या स्विचच्या, ज्यावरून गाडीला डिकी उघडी की बंद ते कळतं. बारीकपैकी एक वायर प्लगपासून चार बोटांवर कापलेली होती. टोक मागे दुमडून त्यावर काळी टेप गुंडाळली होती. टेप नवी, चकचकीत, कडेला धूळही नाही. काप सरळ होता, कटरने घेतात तसा.

माझ्या गाडीत डिकी उघडली की तो स्विच जोडला जातो आणि मॉड्यूलपर्यंत अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी जोड) पोहोचतं. सर्किट तुटलेलं असेल तर गाडी समजते, डिकी बंद आहे. (काही गाड्यांत हे बरोबर उलटं असतं, म्हणून आपल्या गाडीची वायरिंग आकृती आधी पाहावी.) वायर कापली की गाडीच्या लेखी डिकी कायमची बंद. मोटरच्या वायरी शाबूत असल्याने बटण दाबल्यावर ती उघडत राहते, त्यामुळे शंका येत नाही.

मला सगळ्यात जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. वायर तोडल्याबरोबर इशारा गेला, याचा अर्थच हा की मॉड्यूल ठणठणीत होतं. ते वायरीवरचा सिग्नल बरोबर वाचत होतं. ज्याने कटर चालवला त्याला त्याच क्षणी कळलं होतं की दोष लॅचमधल्या स्विचमध्ये आहे आणि मॉड्यूलला काहीही झालेलं नाही. तरीही बिलावर मॉड्यूल लागलं. ही चूक म्हणता येणार नाही.

हीच चाचणी प्रामाणिकपणे करायला एक मिनिट लागतं, आणि काहीही कापावं लागत नाही. प्लग ओढून काढायचा. माझ्यासारखी वायरिंग असेल आणि प्लग काढल्यावर इशारा गेला, तर दोष लॅचच्या आत. प्लग काढूनही इशारा राहिला, तर वायर पुढे कुठेतरी बॉडीला टेकतेय, किंवा मग मॉड्यूलकडे बघायचं. वायर बहुधा बिजागरीजवळच्या रबरी नळीत मोडते, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडताना ती तिथेच वाकते. मॉड्यूलचं नाव सगळ्यात शेवटी यायला हवं. जो मेकॅनिक ते पहिल्यांदा घेतो, त्याला विचारा की प्लग काढून पाहिलात का.

मी वायर तात्पुरती जोडली, इशारा परत आला. प्लग काढला, गेला. मग लॅच उतरवला आणि मल्टीमीटर बीपवर (जोड असला की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून स्विचच्या दोन पिनांना लावला. उघड्या स्थितीत बीप. स्क्रू ड्रायव्हरने लॅचचा आकडा बंद स्थितीत फिरवला, टक् टक् असे दोन आवाज आले, तरी बीप थांबेना. स्विच अडकला होता. लॅच गाडीवरच ठेवून आकडा फिरवून पाहणार असाल तर एक लक्षात ठेवा: झाकण खाली आणण्याआधी आकडा बटणाने पुन्हा उघडा, नाहीतर तो खालच्या कडीवर आपटतो आणि लॅच खरोखरच जातो.

आतलं कारण डोळ्यांना दिसत होतं. स्विचची छोटीशी दांडी त्या मेणासारख्या ग्रीसमध्ये दबून राहिली होती. प्लॅस्टिकला न खाणारा काँटॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारला, दांडी तीस-चाळीस वेळा दाबून सोडली, पुन्हा मारला, वाळू दिलं. हळूहळू दांडी उसळून वर यायला लागली आणि प्रत्येक दाबाला बारीक टिक् ऐकू आली. आता मीटर उघड्या स्थितीत वाजत होता, बंद स्थितीत गप्प. जुनं ग्रीस पुसून फक्त धातूच्या हलत्या भागांना पांढरं लिथियम ग्रीस लावलं, स्विचला नाही. दांडी सफाईनंतरही वर आली नसती तर लॅच बदलणं योग्यच ठरलं असतं. कापलेली वायर क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून जोडून) वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) बसवली. जोड झाकणाच्या आत, न वाकणाऱ्या जागी असल्याने चालला. रबरी नळीतली वायर तुटली असती तर तिथे सोल्डरचा डाग देऊन भागलं नसतं, कारण डागाजवळ ती कडक होऊन पुन्हा तुटते. लवचीक वायरीचा नवा तुकडा घालून जोड नळीच्या बाहेर घ्यावे लागतात.

शेवटी बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमध्ये मीटर घातला, 10 अँपिअरच्या सॉकेटवर. मीटर मध्ये असताना इग्निशन चालू करायचं नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडू शकतो. गाडी लॉक करून अर्धा तास थांबले, कारण मॉड्यूल झोपायला, म्हणजे वीज खाणं कमी करायला, वेळ घेतात. आकडा 30 मिलीअँपिअरवर स्थिरावला. 50 च्या खाली असलं की साधारण ठीक धरतात.

फोटो घेऊन गॅरेजला गेले. आधी म्हणाले उंदराने कुरतडली असेल. मी टेपचा फोटो दाखवला. मग म्हणाले, पोराने केलं असेल, आम्हाला माहीत नाही. अखंड रेघांचे तीन बोल्ट दाखवल्यावर मालक थोडा वेळ बोलले नाहीत. लॅच, मॉड्यूल आणि प्रोग्रॅमिंगचे पैसे त्यांनी त्याच दिवशी परत केले, मजुरीचे दिले नाहीत. बॅटरीबद्दल मला काही सिद्ध करता आलं नाही. जुनी बॅटरी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे ठेवून आले होते.