चेल्टनहॅमचे ट्रेंड-तक्ते: घ्या, पण पारखून

मार्चमधल्या चेल्टनहॅम फेस्टिव्हलआधी (इंग्लंडमधल्या घोड्यांच्या अडथळा-शर्यती) येणारे दहा वर्षांचे ट्रेंड-तक्ते, म्हणजे मागच्या विजेत्यांचं वय वगैरे मांडणारे तक्ते, घोड्यांची लांबलचक यादी चाळायला नक्कीच कामाचे. पण बरेचसे तक्ते फक्त विजेते मोजतात, धावलेले घोडे मोजत नाहीत, ही मोठी खोट. ‘10 पैकी 6 विजेते सात वर्षांचे’ असं छापलंय, पण धावणाऱ्यांत 60 टक्के घोडे त्याच वयाचे असतील तर त्यात विशेष काय? त्या वयाचे विजेते त्या वयाच्या एकूण धावलेल्या घोड्यांनी भागा, मगच तुलना करा.

फेस्टिव्हलमधल्या चॅम्पियन हर्डल या शर्यतीत 1985 नंतर पाच वर्षांचा घोडा जिंकलाच नव्हता. 2008 मध्ये पाच वर्षांचा कॅचिट जिंकला. आदल्या वर्षी त्याने इथेच ट्रायम्फ हर्डल ही चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत मारली होती, हे वयाच्या रकान्यात कुठून दिसणार? शिवाय इथे धावण्याचे मार्गही दोन: मंगळवार-बुधवारचा ओल्ड कोर्स आणि गुरुवार-शुक्रवारचा न्यू कोर्स. ते वेगळे दाखवणारा तक्ताच विकत घ्यावा.