व्हर्जिन आयलंड्समधला बोटीचा आठवडा: वॉटरमेकरसाठी ९०० डॉलर मोजण्याआधी हे वाचा

बोट भाड्याने देणाऱ्या कंपनीने डिपॉझिटमधून कापलेले ६४० डॉलर काल परत आले. भांडण होतं वॉटरमेकरवरून, म्हणजे बोटीवरच्या समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रावरून. सहल मार्चमधली, पैसे जुलैत. तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसता राग उतरला असता, म्हणून थांबले होते.

बोट ४५ फुटी कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची बोट; कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच्या टॉर्टोला बेटाहून, शनिवार दुपार ते शनिवार सकाळ. बेअरबोट, म्हणजे कप्तानाशिवाय नुसती बोट भाड्याने; त्यासाठी कंपन्या बोट चालवायचा अनुभव मागतात. मी शिडाची बोट शिकले न्यू जर्सीत, बार्नेगट बेमध्ये. तरी पहिले दोन दिवस स्थानिक कप्तान घेतला आणि ते पैसे पुरेपूर वसूल झाले. आम्ही आठ जण: आम्ही चौघं, मित्राचं तिघांचं कुटुंब आणि लातूरहून आलेली माझी आई.

आठ महिने आखणी केली. डिसेंबर-जानेवारीत ‘ख्रिसमस विंड्स’ नावाचे वारे जोरात असतात म्हणून मार्च धरला. मुरिंगचे, म्हणजे रात्री बोट बांधायचे, तरंगते नारिंगी बॉल सकाळी ७ वाजता ऑनलाइन कसे पकडायचे ते पाठ केलं. प्रवाळांनी वेढलेल्या अ‍ॅनेगाडा बेटाला ऊन डोक्यावर असताना पोचायचं, म्हणजे प्रवाळ डोळ्यांना दिसतात, हे वहीत तीनदा लिहिलं. इथे बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) उजव्या हाताला ठेवतात, भारतात डाव्या. मित्र मुंबईत शिकलेला, त्याला ते दहादा सांगितलं. पाण्याचा विषय मात्र एका ओळीत संपवला: बोटीवर वॉटरमेकर आहे. त्यासाठी ९०० डॉलर जास्त दिले.

बोटीवर चढल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, “टाकी केवढी हाय?”

“सातशे लिटर.”

“आन् मानसं आठ.” एवढंच म्हणून ती खाली गेली.

आई २०१६ साली लातुरात होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात तिने भांडी घासलेलं पाणी झाडांना आणि कपड्यांचं पाणी संडासाला वापरलं. मी तेव्हा इकडे होते, हे मला आजही लागतं.

रविवारी सकाळी नॉर्मन आयलंडच्या द बाइट खाडीतून निघालो, इंडियन्सच्या सुळक्यांपाशी मुलं मासे बघत पोहली आणि मग जनरेटर लावून वॉटरमेकर सुरू केला. हे यंत्र समुद्राचं पाणी जवळजवळ ५५ बार दाबाने पडद्यातून ढकलतं, मीठ मागे राहतं. बंदरातल्या तेलकट पाण्यात ते चालवायचं नाही, म्हणून आम्ही खुल्या समुद्रात चालवलं. दीड तासात दाबाचा इशारा देऊन ते बंद पडलं, ते पडलंच. कंपनीच्या तळावर फोन केला. फिल्टर बदला म्हणाले, बदलला. उपयोग शून्य.

कूपर आयलंडला संध्याकाळी टाकीचा काटा पावावर होता. दीड दिवसात सव्वापाचशे लिटर! मी सगळ्यांवर चिडले. मुलींचे केस धुणं काढलं, मित्राच्या दोन अंघोळी काढल्या. कंपनीला तर मनात काय काय बोलले. तोवरचं माझं मत: बोट भंगार, पैसे बुडाले.

रात्री दोनला आईने उठवलं. “समदे झोपलेत आन् मोटर वाजतीय. कुठंतरी नळ चालू हाय.”

पाण्याचा पंप नळ उघडला की सुरू होतो, बंद केला की दाब भरून थांबतो. कुणीही नळ उघडलेला नसताना तो दर मिनिटाला टकटक करत होता. बॅटरी घेऊन मागे गेलो. पोहून आल्यावर पाय धुवायचा शॉवर झाकणाखाली धारेने वाहत होता, थेट समुद्रात. त्याचा वॉशर गेला होता. कप्तानाने त्याची तोटी आवळून रबराने बांधली आणि आईला म्हणाला, बोट ऐकायला शिकायला लोकांना वर्षं लागतात. मी भाषांतर करून सांगितलं, तर ती लाजली.

इथून माझं मत बदललं. टाकी पुरेशी होती, माणसंही उधळी नव्हती. आम्हाला गळती कळली नव्हती.

सोमवारी व्हर्जिन गोर्डाचे बाथ्स, ते प्रचंड ग्रॅनाइटचे दगड बघितले आणि नॉर्थ साउंडला धक्क्यावर १५० गॅलन पाणी घेतलं: ३० सेंट गॅलन, ४५ डॉलर. नऊशेच्या शेजारी हा आकडा मांडून बघा. मग कारभार आईकडे. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. अंघोळ समुद्रात, वर दोन तांबे. संडासाचं फ्लश गोड्या पाण्यावरून समुद्राच्या पाण्यावर वळवता येतं, तो कॉक कप्तानाने दाखवला होता. बटाटे समुद्राच्या पाण्यात उकडले, मात्र ते पाणी खाडीतलं नाही, वाटेत खुल्या समुद्रात भरलेलं. मंगळवार-बुधवार अ‍ॅनेगाडा, मग जॉस्ट व्हॅन डाइक. शनिवारी सकाळी टाकीत पाव शिल्लक. दिवसाला साधारण ११५ लिटर, माणशी पंधराच्या आत, आणि कुणाचीच तक्रार नाही. हे इतकं सुखाचं वाटलं की अ‍ॅनेगाडाच्या फ्लेमिंगोंबद्दल लिहायचं राहूनच जातंय. लांबून दिसले, छान होते.

या बेटांवर नद्या नाहीत. घराच्या छपरावरचं पाऊसपाणी तळघरातल्या टाकीत साठवतात, बाकी समुद्राचं पाणी गोडं करतात. आईला ही घरं सगळ्यात आवडली. वळचणीची पन्हळ कुठे उतरते ते ती प्रत्येक घराला बघत होती.

परतल्यावर कंपनीचा मेल: वॉटरमेकर तुम्ही बंदरात चालवून बिघडवला, ६४० डॉलर कापले. आमच्याकडे सुरू-बंद केल्याच्या वेळा, जीपीएसची जागा आणि काट्याचे फोटो होते. चार महिन्यांत अकरा मेल. फोटो नसते तर पैसे गेलेच होते.

आखणी करताना आधी पाणी भरायच्या जागा नकाशावर मांडा, किनारे नंतर. टॉर्टोलाहून चॅनेलमध्ये वाऱ्याच्या तोंडावर पूर्वेकडे जावं लागतं, ते पहिल्या तीन दिवसांत उरका. तिसऱ्या दिवशी नॉर्थ साउंडला टाकी भरली की अ‍ॅनेगाडा आणि परतीची वाट निर्धास्त. दहा-बारा दिवस, मोठा गट असेल तर वॉटरमेकरचा विचार करा. आठवड्याला नको.

पुढच्या मार्चसाठी मी वॉटरमेकर नसलेली बोट बघतेय. त्याच पैशांत कप्तान आणखी तीन दिवस राहतो. आणि या वेळी बोट ताब्यात घेतल्याची सही करण्याआधी सगळे नळ बंद करून पंपाशेजारी दहा मिनिटं बसणार आहे. आईलाही सांगून ठेवलंय.