‘नस मोकळी करणारं मशीन’: डिचोलीत मावशीला कसं फसवलं

माझी मावशी डिचोलीत शिवणकाम करते. रात्री हात बधिर होऊन तिला जाग यायची, हात झटकला की जरा बरं वाटायचं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अर्धी अनामिका मुंग्यांनी भरायची, करंगळी मात्र ठीक. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नस दाबली गेली की असंच होतं. त्यालाच कार्पल टनेल म्हणतात.

चवथीच्या शिवणाची गर्दी होती, ऑपरेशनचं नाव नको होतं. नेमकं तेव्हाच एका भाड्याच्या हॉलमध्ये ‘ऑपरेशनशिवाय इलाज’ असं शिबीर लागलं. पांढऱ्या कोटातल्या माणसाने तिच्या तळव्यावर पेनासारखं यंत्र टेकवलं आणि सांगितलं, “मावशी, नस ७० टक्के बंद आहे.” १८,००० रुपयांचं पॅकेज, पैसे आधी. त्यात लेझर, चुंबकाचा पट्टा, तेल, बी६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मनगट सरळ ठेवायला रात्री बांधायचा स्प्लिंट.

खरी लबाडी त्या स्प्लिंटमध्ये होती. मनगट सरळ राहिलं की बोगद्यातला दाब कमी होतो आणि रात्रीच्या मुंग्या कमी होतात. मेडिकल स्टोअरमध्ये काहीशे रुपयांत मिळणारी ही वस्तू. तिला आराम पडला तो स्प्लिंटने, श्रेय घेतलं मशीनने. मग पेन ‘३० टक्के’ दाखवू लागलं! चुंबकाचा उपयोग सिद्ध झालेला नाही, लेझरचा पुरावाही कच्चा आहे. बी६ने कार्पल टनेल बरं होतं असंही सिद्ध नाही, उलट मोठ्या मात्रेत ते बराच काळ घेतलं तर नसांनाच इजा होते.

ऑपरेशनशिवायचे खरे उपाय आहेत, म्हणून तर मला जास्त चीड येते. स्प्लिंट आहे, मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन आहे. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शन स्प्लिंटपेक्षा सरस ठरलं, सहा महिन्यांनी दोन्ही सारखेच. म्हणजे इंजेक्शन लवकर आराम देतं, पण तो टिकेलच असं नाही. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर तेही बघावं लागतं. शिबिरात मावशीला साखरेबद्दल कोणी विचारलंसुद्धा नाही.

बोटांतून सुई निसटू लागली तेव्हा तिने विचारलं, डॉक्टरला दाखवू का? “मध्येच दुसरीकडे गेलात तर मशीनचा परिणाम जाईल,” असं सांगून तिला थांबवलं. हे मी कधीच माफ करणार नाही. शेवटी तिला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात) नेलं. तिथे नसेची खरी तपासणी झाली: विजेचा हलका झटका देऊन संदेश मनगटातून किती वेगाने जातो ते मोजतात. तळव्याला नुसतं पेन टेकवून ते कळत नाही. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसला होता. आता ऑपरेशनच करावं लागेल, आणि गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

पैसे परत मागितले तर फोन बंद. पावतीवर उपचाराचा उल्लेखच नाही, फक्त ‘तेल व पट्टा’. ती पावती आणि गोमेकॉचे कागद जोडून ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार केली आहे. असंच पॅकेज तुमच्या घरात कोणी घेतलं असेल तर पावती, पट्ट्याचं खोकं आणि फोनवरचे मेसेज जपून ठेवा. आणि अंगठ्याची पकड सुटू लागली असेल तर उरलेल्या सिटिंगांचे पैसे बुडाले तरी चालतील, आधी हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरला हात दाखवा.