ऑटिझम असलेलं मूल सारखं आजारी पडतंय: बेळगाव, परळ की बेंगळुरू?

बालवाडीतल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होतोच, ऑटिझम असो वा नसो. रोगप्रतिकारशक्तीतच दोष आहे का, ही चौकशी करायची ती वर्षात चारदा कानाला संसर्ग झाला, दोनदा न्यूमोनिया झाला, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक पडला नाही, खोल गळवं परत परत आली किंवा वजनच वाढत नाही तर. न बोलणारं मूल कान दुखतो म्हणून सांगत नाही. ते डोकं आपटतं, रात्रभर जागतं, आणि 'ऑटिझममुळेच' म्हणून कान कुणी तपासत नाही. प्रत्येक दुखणं तारीख आणि औषधासकट वहीत लिहा. पुढचा डॉक्टर आधी तेच विचारतो.

सुरुवात बेळगावातच करा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीई (रक्तातल्या प्रतिपिंडांचे, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या प्रथिनांचे प्रकार) आणि एचआयव्ही या तपासण्यांसाठी खानापूर-निपाणीहूनही याहून लांब जायची गरज नाही. चूक होते ती रिपोर्ट वाचताना. समजा पांढऱ्या पेशी 6,000 आणि त्यांतल्या लिम्फोसाइट या प्रकारच्या पेशी 25 टक्के, म्हणजे 1,500. मोठ्या माणसाला हा आकडा चालतो, दीड वर्षाच्या मुलाला तो कमी आहे. छापील मर्यादा मोठ्यांच्या असतील तर वयानुसार तपासून मागा. तापात किंवा स्टेरॉइड चालू असताना काढलेलं रक्त फसवतं. बरं झाल्यावर पुन्हा काढा. मूल नुसता पांढरा भात आणि बिस्किटंच खात असेल तर लोह आणि ड जीवनसत्त्वही बघा. हिरड्यांतून रक्त येतंय आणि मूल चालायला तयार नाही, असं असेल तर क जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते.

या तपासण्यांत दोष दिसला तरच लांबचा प्रवास. मुंबई काय, बेंगळुरू काय, अंतर साधारण 500 किलोमीटर, रात्रीची गाडी. परळला वाडिया बालरुग्णालय आहे आणि केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, जिथे जन्मजात प्रतिकारदोषांच्या खास तपासण्या होतात. आईला सगळं मराठीत सांगता येतं, ही सोय लहान समजू नका. बेंगळुरूत इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था आणि निम्हान्स (मेंदू आणि मानसिक आजारांची राष्ट्रीय संस्था) जवळजवळ आहेत, शिवाय कर्नाटकाचं आरोग्य कार्ड तिथे वापरता येतं. फिट्स किंवा वागणूकही दाखवायची असेल तर बेंगळुरू. संसर्गाचं मूळ शोधायचं असेल तर आमचं मत परळच्या बाजूने. महाराष्ट्राने 865 सीमागावांसाठी महात्मा फुले योजना (मोफत उपचारांची सरकारी आरोग्य योजना) जाहीर केली आहे. तुमचं गाव यादीत आहे का आणि हाच आजार बसतो का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) पक्कं करा.

कुठेही गेलात तरी मुलालाच न्या. फ्लो सायटोमेट्रीचं, म्हणजे प्रतिकारपेशींचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचं, रक्त ताजं लागतं. बर्फात घालून कुणाच्या हाती पाठवलेली नळी वाया जाते.

'इम्युनिटी वाढवून ऑटिझम बरा करतो' म्हणणारी क्लिनिकं हा तिसरा पर्याय आमच्या लेखी पर्यायच नाही. सिद्ध झालेल्या प्रतिपिंडांच्या कमतरतेत आयव्हीआयजी (रक्तदात्यांची प्रतिपिंडं शिरेतून देण्याचं औषध) वजनाच्या किलोमागे 400 ते 600 मिलिग्रॅम, दर तीन-चार आठवड्यांनी देतात. 20 किलोच्या मुलाला 8 ते 12 ग्रॅम. निदान नसताना एक डोस जरी गेला तरी दुसऱ्याची प्रतिपिंडं रक्तात मिसळतात आणि आयजीजीचा आकडा काही महिने खोटा येतो. म्हणून आधी रक्त, मग औषध. स्टेम सेल तर नकोच: राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी त्याची शिफारस नाही असं स्पष्ट केलं आहे. इम्युनॉलॉजिस्ट (प्रतिकारशक्तीच्या आजारांचा डॉक्टर) संसर्ग थांबवतो, त्याने मूल बोलू लागेल असं नाही. ऑटिझमची थेरपी आपली चालूच ठेवायची.

रक्त काढण्याच्या तासभर आधी डॉक्टरांना विचारून दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला बधिर करणारं मलम लावून वर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवा. चिकट स्पर्श सहन न होणाऱ्या मुलाला आधी तीन-चार दिवस साध्या क्रीमची आणि पट्टीची सवय लावा. सगळ्या नळ्या एकाच सुईतून भरायला सांगा, आणि सकाळची पहिली वेळ मागा, रांग नसते तेव्हाची.