वॉर्डातला औषधांचा स्कॅनर: चौदा महिने वापरल्यानंतर

पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क चौदा नंबरच्या खाटेमुळे कापला, पूर्ण एक कशामुळे ते पुढे सांगते.

मी बावीस वर्षं सिस्टर आहे, त्यातली गेली नऊ नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलच्या मेल मेडिकल वॉर्डात. कंपनीचं नाव लिहीत नाही. काम साधं आहे: पेशंटच्या मनगटावरचा बँड स्कॅन करायचा, मग औषधावरचा बारकोड. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर टाकलेल्या ऑर्डरशी जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल आणि वर टीं-टीं.

पहिला महिना मी त्याला नुसत्या शिव्या दिल्या. सकाळी आठचा राउंड चोवीस पेशंटचा, पूर्वी पाऊण तासात आटपायचा, तो सव्वा तासावर गेला. रात्रीच्या टीं-टींने अख्खा वॉर्ड जागा व्हायचा. (आवाज कमी करता येतो हे ट्रेनिंगला आलेल्या मुलाने सांगितलंच नव्हतं. आमच्या ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, शोधून काढलं.)

मग ती नाइट आली. वॉर्डात दोन पाटील काका, सात नंबर आणि नऊ नंबर. नऊवाल्यांना खिडकीचं गार लागत होतं म्हणून वॉर्डबॉय मामांनी दोघांच्या खाटा संध्याकाळी बदलल्या, आणि ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये ते सांगायचं राहून गेलं. रात्री दहाला सात नंबरला रक्त पातळ करायचं इंजेक्शन होतं. मी ट्रे घेऊन गेले, "पाटील काका?" म्हटलं, काका "हो" म्हणाले. बँड स्कॅन केला तर लाल. चुकीचा पेशंट. समोरच्या काकांना दोनच दिवसांपूर्वी रक्ताची उलटी झाली होती. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि दोन मिनिटं ट्रॉलीला धरून उभी राहिले. फाइव्ह राइट्स आम्हाला झोपेतही पाठ असतात, योग्य पेशंट, औषध, मात्रा, मार्ग, वेळ. त्यातला पहिलाच सुटला होता.

त्या दिवसापासून शिव्या बंद.

ही कल्पनाही एका सिस्टरचीच, हे मला फार आवडलं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका इथे माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात सू किनिक नावाच्या नर्स होत्या. १९९२ साली भाड्याची गाडी परत करताना तिथला माणूस स्कॅनरने गाडीची नोंद घेताना त्यांनी पाहिला. गाडीला चालतं तर औषधाला का नाही, असं त्यांच्या मनात आलं. पुढे बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलात बारकोड असताना आणि नसताना औषध देण्यात किती चुका होतात याची मोजणी झाली, ती २०१० साली छापून आली. वेळेच्या मागेपुढेपणाचा हिशेब सोडून बाकीच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. ऑर्डर कागदावर उतरवताना होणाऱ्या चुका तर तिथे पूर्ण थांबल्या. पण ६.८ म्हणजे शून्य नव्हे, आणि ते उरलेलं कुठून येतं हे मला आता चांगलं माहीत आहे.

आपल्याकडे फार्मसीत कात्री चालते. दहाच्या स्ट्रिपमधल्या तीन गोळ्या कापून वॉर्डात येतात. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला, पण तो स्ट्रिपवर एका जागी असला तर कापलेल्या तुकड्यावर येतोच असं नाही. म्हणून आमची फार्मसी तुकडा पिशवीत घालून वर स्वतःचं स्टिकर लावते. मशीन वाचतं ते स्टिकर. एकदा बीपीच्या २५च्या स्टिकरखाली ५०ची गोळी आली. हिरवं झालं! आजोबांनी तळहातावर गोळी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "सिस्टर, माझी रोजची गोल असते, ही लांबोडकी." एक मार्क इथे गेला.

इन्सुलिनचंही तेच. स्कॅनर वायल (औषधाची बाटली) ओळखतो, सिरिंज ओळखत नाही. शंभरच्या (एका मिलीत शंभर युनिट) वायलमधून चाळीसच्या (एका मिलीला चाळीस युनिटच्या खुणा) लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला जातात पंचवीस युनिट. तिथे अजूनही दुसऱ्या सिस्टरला बोलावून दाखवायचं, दुसरा इलाज नाही.

आणि एक कबुली. आंघोळीने बँडची शाई पुसट होते, सुजलेल्या हातावरून तो कापावा लागतो. मग आम्ही काही दिवस जादा बँड छापून ट्रॉलीला अडकवले होते आणि तेच स्कॅन करत होतो. म्हणजे पेशंटऐवजी ट्रॉलीला औषध देत होतो म्हणा ना. इन्चार्ज सिस्टरनी पाहिलं, सगळ्यांसमोर कात्रीने कापून टाकले. बरोबर केलं त्यांनी. आता प्रिंटर वॉर्डातच आहे, नवीन बँड मिनिटात निघतो.

चौदा नंबर बाथरूमच्या भिंतीला लागून आहे. तिथे वायफाय पोचत नाही, स्क्रीनवर गोल फिरत राहतो. तीन वेळा लेखी तक्रार दिली.

कंपनीवाले तुमच्याकडे डेमो द्यायला येतील तेव्हा ते स्वतःचे गुळगुळीत नवे खोके आणतील. ते बाजूला ठेवायला सांगा. आपल्या फार्मसीतला कापलेला तुकडा, एका पेशंटचा दोनदा आंघोळ झालेला बँड आणि एक मिलीचं अँप्युल (इंजेक्शनची छोटी काचेची कुपी) त्यांच्या हातात द्या. आणि डेमो तुमच्या चौदा नंबरला करायला लावा.