फौज पाठवावी का? जाफना आणि माले शेजारी ठेवून

परदेशात सैन्य पाठवावं की नाही, यावर मत ठरवत असाल तर श्रीलंका १९८७ आणि मालदीव १९८८ एकत्र बघा. पंतप्रधान तेच राजीव गांधी, फौज तीच, दोन्हीकडे तिथल्या सरकारच्या संमतीने गेलेली, मध्ये जेमतेम सव्वा वर्ष.

लोक म्हणतात श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्याला जाताना तयारी नव्हती, धड नकाशे नव्हते. खरंय, पण मालदीवला तरी कुठे होते? ३ नोव्हेंबरला तिथे सरकारविरुद्ध बंड झालं, आग्र्याहून पॅराट्रूपर्स निघाले तेव्हा हाताशी टुरिस्ट पुस्तकातले फोटो होते आणि आपले तिथले हायकमिशनर विमानात सोबत. तरी रात्रीतच हुलहुले बेटावरच्या विमानतळावर उतरले, सकाळ व्हायच्या आत तिथले राष्ट्राध्यक्ष गयूम सुरक्षित, ओलीस घेऊन पळालेलं बंडखोरांचं जहाज आपल्या नौदलाच्या आयएनएस गोदावरीने समुद्रात गाठलं. काही ओलीस मात्र वाचले नाहीत.

माझं मत फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. आमच्या गावातले एक रिटायर्ड हवालदार काका जाफन्याला होते, ते एकदा म्हणाले, "काम संपलं कधी म्हणायचं, हेच कुणी सांगितलं नाही रे." गेले शांतता राखायला आणि ऑक्टोबरात त्याच एलटीटीईशी, म्हणजे वेगळं तमिळ राज्य मागणाऱ्या सशस्त्र संघटनेशी, लढायला लागले ज्यांना आधी आपल्याकडेच ट्रेनिंग मिळालेलं, मग श्रीलंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले नि म्हणाले निघा. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर १,२०० च्या आसपास जवान गेलेले, मुंबईत जन्मलेले महार रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन त्यातलेच. आणि जाफना हॉस्पिटलमध्ये आपल्याच जवानांच्या गोळीबारात पेशंट, डॉक्टर मेले, हेही हिशोबात धरायलाच हवं.

रस्त्यात सुरुंग म्हणून काका तेव्हा शेतातनं, ताडाच्या बनातनं चालायचे. आजही बांधावर ताजी उकरलेली माती दिसली की थांबतात, काठीने बाजूची जागा चाचपतात, मगच पाय टाकतात.

आता तुलना पूर्ण न्याय्य नाही हे मान्य. मालदीवला समोर ऐंशीच्या आसपास बंडखोर, जाफन्याला लोकांत आणि जंगलात मुरलेली संघटना. शिवाय श्रीलंकेच्या सैन्याने जाफन्याची तेव्हा कोंडी केलेली, नुसतं बघत बसणंही बरोबर नव्हतं, म्हणून ४ जून १९८७ ला आपण विमानातनं धान्य टाकलं ते मला अजून पटतं. पण फौजच उतरवायची तर मी मालदीवच्या बाजूने आहे, तिथे गयूमना वाचवायचं आणि ओलीस सोडवायचे एवढंच काम होतं, ते झालं आणि बहुतेक जवान लगेच घरी आले.